चौदातले नऊ महिने

मी मूळची मिरजेची. लग्न करून चेन्नईला आले त्याला आता तेवीस वर्षं होतील. सासरची माणसं तंजावरकडची मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली, घरात एक जुनी, माझ्या कानाला सुरुवातीला पोथीसारखी वाटणारी मराठी बोलणारी. आमचा फ्लॅट वेस्ट मांबलमला, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान आणि शेजारी कॉफीच्या बिया दळून देणारा. घरात सासूबाई, नवरा, मुलगा आणि मी. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. नवरा एन्नोरला बंदराच्या बाजूला एका कंपनीत यंत्रं दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मुलगा कोइम्बतूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

मी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षं नोकरी केली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतली मी नव्हते. सात वरिष्ठांच्या वेळा सांभाळणं हे माझं काम. कोण कधी मोकळा, कोणाची मीटिंग कुठल्या देशातल्या माणसाबरोबर, कोण विमानात, हे सगळं कॅलेंडरवर लावायचं आणि ते बिघडलं की दुरुस्त करायचं. ते रोज बिघडायचं. एकाच मीटिंगच्या तीन-तीन प्रती दिसत. रद्द केलेली मीटिंग दर सोमवारी पुन्हा उगवे. लॅपटॉपवर एक वेळ आणि फोनवर तीच मीटिंग साडेपाच तास पुढे. माणसं चिडून फोन करत आणि मी प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारत असे, "शेवटचं बरोबर कुठल्या मशीनवर दिसलं होतं?" तिथून सुरुवात करायची. फोन, लॅपटॉप, सर्व्हर या तिघांत मतभेद झाले की शेवटी सर्व्हरचं ऐकलं जातं. बाकीचे दोघे आपलं पुसून त्याचं उतरवून घेतात. याला सिंक होणं म्हणतात. हे मी शेकडो माणसांना समजावून सांगितलं असेल.

नवऱ्याला कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी केमोच्या तारखा एका कागदावर लिहून दिल्या. मी त्या ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकल्या. दुसरीकडे कुठे टाकणार? दिवसाचे दहा तास माझ्यासमोर तेच उघडं असायचं. सात साहेबांच्या मीटिंगांमध्ये माझा नवरा कुठे बसतो ते तिथेच दिसायचं. त्या नोंदींवर मी 'खासगी'ची खूण करत असे, म्हणजे इतरांना फक्त 'व्यग्र' एवढंच दिसे.

आधी नुसत्या तारखा होत्या. मग डॉक्टर काय म्हणाले ते विसरायला होतं म्हणून तारखेखालच्या जागेत ते लिहू लागले. मग त्याने काय खाल्लं, किती उलटलं, ताप किती. मग तो काय बोलला. त्याची मराठी मला लग्नानंतर वर्षभर हसवत होती आणि आजारपणात तो ती पुन्हा जास्त बोलायला लागला होता; तमिळ आणि इंग्रजी जणू बाहेर जायच्या कपड्यांसारखी बाजूला ठेवली. औषधाला तो ओखद म्हणे. काही हवं असलं की 'होणां' म्हणे. 'पाणी होणां', 'पंखा नको, वारा होणां'. हे सगळं मी लिहीत गेले. आठवड्यात चार-पाच नोंदी तरी होत. डायरी म्हणून नव्हे. मी कधी डायरी लिहिली नाही. पण चौदा महिने तो आजारी होता आणि चौदा महिने मी लिहीत होते.

तो गेल्यावर एकदाही मी त्या नोंदी उघडल्या नाहीत. त्या तिथे आहेत एवढं पुरेसं होतं. मला वाटायचं, कधीतरी वाचू. मुलाचं शिक्षण संपलं की, मी निवृत्त झाले की. लिहून ठेवलंय म्हणून मी निर्धास्तपणे विसरत गेले, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी अकरा वाजता मला एका छोट्या खोलीत बोलावलं. तिथे मनुष्यबळ विभागातली एक तरुण मुलगी बसली होती, आणि माझे एक वरिष्ठ पडद्यावर, घरून. त्या वरिष्ठांची ती मीटिंग माझ्या कॅलेंडरवर नव्हती. मला तेवढं खटकलं. मुलीने सांगितलं की आता वेळा लावण्याचं काम नवीन प्रणाली आपोआप करणार आहे, त्यामुळे हे काम करणाऱ्या आम्हा चौघींची पदं बंद होत आहेत. ती चांगली वागली. तिने पाण्याची बाटली पुढे केली. लॅपटॉप तिथेच ठेवायला सांगितला.

मी विचारलं, "आजच?"

"हो मॅडम. खातं दुपारी बारापर्यंत बंद होईल."

मी डबा, चपलांचा एक जादा जोड आणि टेबलावरचा स्वेटर पिशवीत घातला. एसीमुळे आम्ही चेन्नईत बारा महिने स्वेटर वापरत असू. कंपनीची बस संध्याकाळची, म्हणून शहराच्या बसने निघाले. बसमध्ये आठवलं की अम्मांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे, कधी ते बघावं. फोनवर कॅलेंडर उघडलं. पान कोरं होतं. आधी वाटलं रेंज नाही. मग मागचा महिना उघडला, त्याच्या मागचा, मग दोन वर्षांपूर्वीचा. सगळ्या चौकोनांत फक्त आकडे.

नोकरी गेल्याचं मला त्या खोलीत फारसं काही वाटलं नव्हतं. बसमध्ये मात्र, ते आकडे बघता बघता, मी फोनवर पार ओणवी झाले. शेजारच्या बाईने तमिळमध्ये विचारलं की उलटी होतेय का, खिडकीशी बसता का. मी मान हलवली आणि तिच्या जागेवर बसले.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला पत्र लिहिलं. माझ्या खासगी नोंदी, नवऱ्याच्या आजारपणाच्या, तेवढ्या मला द्या. दोन दिवसांनी उत्तर आलं. माझ्या दुःखात ते सहभागी होते. परंतु खात्यातली माहिती कंपनीची मालमत्ता असल्याने आणि 'खासगी' खूण केलेल्या नोंदी उघडण्याची कोणालाच परवानगी नसल्याने त्यांना काही करता येत नव्हतं. म्हणजे मी खूण केली नसती तर कोणीतरी उघडून दिल्या असत्या की काय, हेही मी विचारून पाहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

मग मी हेल्पडेस्कवरच्या एका सहकाऱ्याला फोन केला. नऊ वर्षं आम्ही दोघांनी मिळून त्या कॅलेंडरांशी झटापट केली होती. तो तमिळ, मितभाषी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने ऐकून घेतलं.

"मॅडम, सर्व्हरवर माझा हात पोचत नाही," तो म्हणाला. "मी त्याच दिवशी बघितलं होतं. काढलेल्यांच्या यादीत तुमचं नाव दिसलं तेव्हाच." मग त्याने माझाच प्रश्न मला विचारला. "शेवटचं बरोबर कुठल्या मशीनवर दिसलं होतं? ऑफिसचा लॅपटॉप सोडून?"

मी म्हटलं, "फोन."

"फोन गेला. आणखी?"

तेव्हा मला घरचा जुना कॉम्प्युटर आठवला. लॉकडाउनमध्ये घरून काम करायला कंपनीने त्यावर आपले प्रोग्रॅम टाकून दिले होते, आणि नवऱ्याच्या आजारपणात मी बहुतेक दिवस त्यावरच काम केलं होतं. तो गेल्यावर महिनाभराने मी ऑफिसला जाऊ लागले आणि ते यंत्र चादर टाकून ठेवलं ते तसंच होतं.

"त्यात एक प्रत असेल," तो म्हणाला. "पण मॅडम, नीट ऐका. त्याला नेट लागू देऊ नका. कंपनीने तुमच्या सगळ्या मशीनांना पुसण्याचा हुकूम सोडलेला असतो. ते मशीन जिथे कुठे नेटवर येईल तिथे त्याला तो हुकूम मिळेल. आधी वायर काढा, मगच सुरू करा."

मी वायर काढली. निळी वायर राउटरपासून आणि कॉम्प्युटरपासून, दोन्ही बाजूंनी काढली आणि कपाटात ठेवली. मग बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागला की अम्मा आतून येऊन खुर्चीवर बसल्या. प्रोग्रॅम उघडला, सर्व्हर सापडत नाही म्हणाला, मी 'ऑफलाइन' दाबलं. आणि ते समोर आलं. तीन वर्षांपूर्वीचा मार्च, राखाडी रंगाच्या छोट्या पट्ट्यांनी भरलेला. मी एक उघडली.

'केमो तिसरी. नर्सला शीर सापडेना. तिला म्हणाला, सावकाश बघ, मी कोठें जातों आहें.'

मी अम्मांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आणि एकदा वाच."

नोंदी बाहेर काढून घ्यायची सोय कंपनीने बंद करून ठेवली होती. छापायचीही. मी सहकाऱ्याला विचारलं, तो म्हणाला फोनने पडद्याचे फोटो काढा. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. सात-आठ काढलेही. पण नोंद एका छोट्या खिडकीत उघडायची, पडद्यावर उजेड पडायचा, अक्षरं पुसट यायची. शिवाय मी ते सगळं पहिल्यांदाच वाचत होते. फोटो काढून पुढे जाववेना. मी मुलाची एक अर्धवट वापरलेली दोनशे पानी वही घेतली आणि उतरवायला बसले. घाई कसली, वायर तर काढलेली आहे, असं मी स्वतःशी म्हणाल्याचं मला स्पष्ट आठवतं.

आणि मी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. अकरा वर्षं नोकरीत कुठलंही काम क्रमाने करण्याबद्दल माझं कौतुक व्हायचं.

सोमवार ते शुक्रवार पाच दिवस मी लिहीत होते. सकाळचा स्वयंपाक आटोपला की बसायचं, चारच्या कॉफीला उठायचं. अम्मा शेजारच्या खुर्चीवर. मी एक नोंद मोठ्याने वाचायची, मग लिहायची. त्यांना दिसतं कमी, ऐकू स्वच्छ येतं. मधूनच त्या मला अडवत. "तो असें बोलला नसेल." मी म्हणे, "अम्मा, मी त्याच दिवशी लिहिलंय." मग त्या म्हणत, "असेल. माझ्याशी तसें बोलत नव्हता."

एकदा वाचता वाचता मी फसले. नोंद अशी होती: 'डांगर पचडी होणां म्हणाला. अम्मांनी केली. चमचाभर तोंडात घेतली आणि थांबला. अम्मांना सांगूं नको म्हणाला.' डांगर पचडी म्हणजे उडदाच्या भाजलेल्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, या घरात सणाला आणि आजाऱ्याला दोन्हीला करतात. शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय वाचलं. मी अम्मांकडे बघितलं.

"ठाऊक होतें मला," त्या म्हणाल्या. "वाटी मीच धुतली. पुढें वाच."

त्या पाच दिवसांत मी सुखी होते असं लिहिलं तर ते चमत्कारिक वाटेल. नोकरी नव्हती. पुढे काय ते माहीत नव्हतं. पण सकाळी उठताना मला कुठेतरी जायचं आहे असं वाटे. तो दुपारी कॉटवर बसून काय काय बोलला होता ते रोज नव्याने कळत होतं, आणि मला ते आठवत नसल्यामुळे ते खरोखर नवं होतं. तो चिडलेला असायचा ते मी पार विसरले होते. एका नोंदीत फक्त एवढंच होतं: 'आज माझ्यावर ओरडला. मीही ओरडले. मग दोघंही रेडिओ ऐकत बसलो.' हे वाचून अम्मा हसल्या.

मुलाला मी फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, शनिवारी येतो, आपण काहीतरी करून फाइलच बाहेर काढू, तू किती दिवस हाताने लिहिणार. शनिवारी सकाळी तो आला. नाश्ता करून त्याने कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली, वही चाळली, एक-दोन पानं वाचून बंद केली. "मी आधी जरा वाचतो, याला कुठल्या पद्धतीने हात घालायचा ते," म्हणाला. मी नवव्या महिन्याच्या शेवटावर होते. त्या दिवशीची नोंद नव्या स्कॅनची होती. डॉक्टर म्हणाले होते की गाठ वाढलेली नाही.

दीडच्या सुमाराला वीज गेली. मे महिन्यात ती जातेच. पडदा काळा झाला. आम्ही तिघांनी जेवून घेतलं. वीज नव्हती म्हणून राउटर बंद. मुलाने आपल्या फोनचं हॉटस्पॉट सुरू केलं आणि लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसला. माझ्याच कामासाठी, त्या फाइलीबद्दल वाचायला. तीनला वीज आली. मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, वही उघडली, पेन घेतलं.

प्रोग्रॅम उघडला. या वेळी त्याने सर्व्हर सापडत नाही असं म्हटलं नाही. खालच्या कोपऱ्यात एक बारीक पट्टी सरकायला लागली. ती पट्टी मी आयुष्यात हजारो वेळा बघितली आहे. सिंक चाललंय.

मी खाली वाकून बघितलं. वायर नव्हती. मी उभी राहिले, पुन्हा वाकले. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली: हे उपकरण आपल्या संस्थेने काढून टाकले आहे. मी प्लग खेचला तोपर्यंत चौकट जाऊन मागचा पडदा पांढरा झाला होता.

मुलगा धावत आला. त्याने कॉम्प्युटर भिंतीपासून पुढे ओढला आणि मागच्या बाजूला हात घातला. तिथे नखाएवढी एक वस्तू खोचलेली होती. वाय-फाय पकडणारी. लॉकडाउनमध्ये कॉलेजच्या तासांना घरचं नेट पुरत नव्हतं, तेव्हा त्याने ती आणली होती आणि स्वतःच्या फोनला जोडली होती. त्या यंत्राने तो फोन लक्षात ठेवला होता. घरच्या राउटरची त्याला फक्त वायर ठाऊक, पण मुलाचा फोन पाच दिवस कोइम्बतूरला होता आणि आज हॉलमध्ये, हॉटस्पॉट अजून सुरूच.

तो ती वस्तू हातात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "आई, मी केलं का?"

"नाही," मी म्हटलं. "कंपनीने केलं."

"पण हॉटस्पॉट माझं..."

"वायर काढायची जबाबदारी माझी होती. मी नीट बघितलं नाही."

तो या विषयातलाच विद्यार्थी आहे. त्याला काय समजावणार? तो कॉटच्या कडेला बसला, वडिलांच्या जागेवर, आणि गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बसून राहिला. अम्मांनी खुर्चीवरून विचारलं, "काय झालें?" मी म्हटलं, "अम्मा, पुढचं गेलं." त्यांनी विचारलं, "कोठें?"

रविवार आणि सोमवार तो त्या यंत्रापाशी होता. पुसलेल्या फाइली परत मिळवणारे प्रोग्रॅम असतात, ते त्याने चालवले. कॉलेज बुडवलं. जेवायला दोनदा हाक मारावी लागे. मिळालं ते असं: साप्ताहिक आढावा. साप्ताहिक आढावा. तिमाही नियोजन. सातांपैकी एका साहेबाची दातांच्या डॉक्टरची वेळ. अर्धी अक्षरं, मध्येच चौकोन, मग पुन्हा साप्ताहिक आढावा. त्याच्या वडिलांबद्दलचं एक अक्षर नाही. का, ते त्याने मला सांगितलं. 'खासगी' नोंदी वेगळ्या पद्धतीने, कुलूपबंद साठवल्या जात होत्या, त्यामुळे त्यांचे तुकडे ओळखूच येत नव्हते. तो हे सगळं खालच्या आवाजात, परीक्षेत उत्तर देतात तसं सांगत होता.

सोमवारी संध्याकाळी मांबलम स्टेशनपर्यंत मी त्याला सोडायला गेले. फलाटावर तो म्हणाला, "तू शेवटापासून का नाही सुरुवात केलीस?"

त्याने ते दुखवायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. मी म्हटलं, "सुचलं नाही." गाडी आली आणि तो चढला.

शेवटचे पाच महिने मी का मागे ठेवले? क्रमाची सवय हे एक झालं. पण दुसरंही असावं, की मला तिथे पोचायचंच नव्हतं. वहीत तो नऊ महिन्यांचा आजारी होता आणि गाठ वाढलेली नव्हती. मला तिथे थोडं रेंगाळायचं होतं. त्या रेंगाळण्यापायी बाकीचं गेलं.

गेलं ते काय, हे सांगायला हवं. दवाखान्यातला शेवटचा महिना गेला. त्या महिन्यात एका मंगळवारी तो माझ्याशी बराच वेळ बोलला होता. दुपारची वेळ होती, नळी काढलेली होती, त्याला बरं वाटत होतं. मुलाबद्दल बोलला, अम्मांबद्दल बोलला, मग माझ्याबद्दल काहीतरी बोलला. मी ते बाहेर बाकावर बसून फोनवरून लगेच नोंदीत लिहिलं, कारण मला भीती होती की धावपळीत विसरेन. लिहिलं होतं हे आठवतं. बाक आठवतो, त्याच्या कडेचा निघालेला रंग आठवतो, शेजारी कोणीतरी मुरमुरे खात होतं तेही आठवतं. तो काय बोलला ते आठवत नाही. सूर आठवतो. शब्द येत नाहीत. मी कितीदा डोळे मिटून बसले असेन. कधी एखादं वाक्य येतं आणि ते इतकं सफाईदार असतं, माझ्या मिरजेच्या मराठीतलं, की कळतं हे त्याचं नाही.

अम्मा काही दिवस रोज दुपारी खुर्चीवर येऊन बसायच्या. त्यांचं डोकं शाबूत आहे. गेलं म्हणजे काय ते मी समजावल्यावर त्यांना समजलं होतं. तरी त्या म्हणत, "आहे तें वाच." मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. तीन आठवड्यांत पुन्हा शेवटच्या पानावर आले. गाठ वाढलेली नाही. अम्मा वाट बघत बसल्या होत्या. दुपार मोठी होती, पंखा फिरत होता, आणि त्यांचं तोंड माझ्याकडे वळलेलं होतं.

मी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. मी वाचायला लागले. 'आज सकाळी बाल्कनीत बसायला होणां म्हणाला. खुर्ची नेऊन दिली. कॉफीच्या दळणाचा वास आला तेव्हा म्हणाला, वास पुरे, कॉफी नको.' मी वाचत असताना ते माझ्या मनात तयार होत होतं. घडलंच नसेल असं काही त्यात नव्हतं. त्याच्यासारखंच होतं.

अम्मा 'आणि एकदा वाच' म्हणाल्या नाहीत. त्यांनी पदराने चष्मा पुसला, जो त्यांना तसा काही उपयोगाचा नाही, आणि पुन्हा लावला.

"हें तूं आत्तां केलेंस," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"बरें आहे. पण उद्यां नको करूं."

त्यानंतर अम्मा दुपारी आतल्या खोलीत पडून राहू लागल्या. मी नोकरीसाठी अर्ज करते आहे; दोन ठिकाणी बोलावलं होतं, दोन्हीकडे विचारलं की नवीन प्रणालीशी जुळवून घ्याल का. मुलगा फोन करतो, पण पूर्वी रोज करायचा, आता आठवड्याने. विचारतो, बरी आहेस ना, अम्मा बऱ्या आहेत ना. त्याने हॉटस्पॉटचा पासवर्ड आता बदललाय, असं एकदा मध्येच सांगितलं. मी बरं म्हटलं.

वहीची साठेक पानं अजून कोरी आहेत. मला आठवतं तेवढं तरी त्यात लिहावं असं माझी बहीण मिरजेहून सांगत असते. दोनदा बसले. पहिल्या दिवशी लिहिलेला दवाखान्यातला एक प्रसंग दुसऱ्या दिवशी मला वेगळाच आठवला, आणि कुठला खरा ते विचारायला कोणी नव्हतं. मी दोन्ही दिवसांची पानं फाडून टाकली.